येशू तर जन्मलाय, मग आगमनकाळात वाट कोणाची बघायची?

तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगते. ताई पुण्यात राहतात, घर कॅथलिक, मुलगा सात वर्षांचा. गेल्या वर्षी आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाची, पहिली मेणबत्ती लावताना त्याने विचारलं, "येशू आधीच जन्मलाय ना, मग आपण वाट कोणाची बघतोय?" आणि ताईंना उत्तर सुचलं नाही. सासूबाई म्हणतात हा उपवासाचा काळ, मटण-मच्छी बंद पाहिजे. ऑफिसात आणि सोसायटीत मात्र डिसेंबर उजाडायच्या आधीच ख्रिसमस सुरू होतो, आणि २५ तारखेपर्यंत सगळे इतके दमलेले असतात की मिस्सावरून (चर्चमधल्या उपासनेवरून) घरी आलं की सण संपलाच. मग चार मेणबत्त्या लावून आपण नेमकं करतो काय, असं त्यांचं विचारणं आहे.

मी वसईकडे आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बरीच वर्षं मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी आणि मोठ्यांना बाप्तिस्म्यासाठी शिकवते. हाच प्रश्न मोठ्यांच्या वर्गातही असतो, पण तिथे तो कोणी उघड विचारत नाही, सगळे मान डोलवतात आणि घरी जाऊन कॅलेंडर बघतात. तेव्हा मुलाने विचारलं ते उत्तमच झालं.

पहिली गोष्ट, मुलाचं बरोबर आहे. त्याला "बाळ येशू २५ तारखेला जन्मणार आहे, म्हणून आपण वाट बघतो" असं कृपा करून सांगू नका. सात वर्षांच्या मुलाला कळतं की गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही. आपण सगळे मिळून काहीतरी माहीत नसल्याचं सोंग करतोय असा त्याचा समज झाला की बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत तो आगमनकाळ सांताक्लॉजच्या खात्यात टाकून मोकळा होतो, आणि मग त्याला परत आणणं फार अवघड जातं. ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं चर्च, आपल्याला असं सोंग करायला सांगतच नाही. हे कळायला कुठलं मोठं पुस्तक लागत नाही, पहिल्या रविवारची वाचनं नीट ऐकली तरी पुरे.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे आणि त्या दिवसापासून मत्तयच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू होतंय, म्हणजे रविवारची वाचनं बहुतेक मत्तयने सांगितलेल्या येशूच्या चरित्रातून. आता त्या रविवारी चर्चमध्ये काय वाचलं जाणार ते बघा. गोठा नाही, मरिया नाही, देवदूत नाही, मेंढपाळ तर नाहीतच. मत्तयच्या २४ व्या अध्यायातला उतारा आहे: नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं करत होते आणि जलप्रलय आला तरी त्यांना पत्ता नव्हता, शेतात दोघं असतील, एकाला घेतलं जाईल एकाला ठेवलं जाईल, चोर रात्री कुठल्या प्रहरी येणार हे घरधन्याला कळलं असतं तर तो जागा राहिला असता. म्हणजे उपासनावर्षाची (चर्चच्या वर्षाची) सुरुवात होते तीच शेवटाच्या गोष्टीने. आदल्या रविवारी आपण ख्रिस्तराजाचा सण करून वर्ष संपवलं, आणि नवीन वर्ष उघडतं तेही तोच राजा परत येणार आहे असं म्हणत. बेथलेहेमची तयारी थेट सुरू होते ती १७ डिसेंबरपासून, तोवरचा जोर येशूच्या दुसऱ्या येण्यावर असतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण तेव्हा आपलं लक्ष स्टारची वायर कुठून घ्यायची याकडे असतं.

तर आपण वाट कोणाची बघतो? त्याचीच, जो येऊन गेलाय. पण तो जे करायला आला ते अजून पुरं झालेलं नाही, म्हणून बघतो. त्याच रविवारचं पहिलं वाचन यशया या जुन्या करारातल्या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २ ऱ्या अध्यायातलं आहे. राष्ट्रं आपल्या तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या करतील आणि युद्धकला पुन्हा शिकणार नाहीत. हे वाचन मी मुलांना वाचून दाखवते आणि एवढंच विचारते, की हे झालंय का? मुलं बातम्या बघतात, त्यांना उत्तर माहीत असतं. नाही झालं. मग मी म्हणते की ज्याने हे वचन दिलं तो आला, त्याने सुरुवात केली, स्वतःचा जीव दिला, मरणातून उठला, आणि बाकीचं पुरं करायला परत येतो म्हणाला, आपण त्या बाकीच्याची वाट बघतोय. सात वर्षांच्या मुलाला हे कळतं, मी बघितलंय, उलट त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळतं कारण वचन दिलं आणि अजून पाळायचं बाकी आहे म्हणजे काय हे मुलांइतकं कोणाला ठाऊक असतं.

बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या मठात संत बर्नार्ड होऊन गेले, त्यांनी आगमनकाळाच्या प्रवचनात प्रभूचं येणं तीन प्रकारचं सांगितलं. एक देह धारण करून, ते होऊन गेलं. एक शेवटी वैभवाने, ते व्हायचंय. आणि या दोघांच्या मधलं एक, जे दिसत नाही, माणसाच्या अंतःकरणात होणारं, आजचं. मोठ्यांना शिकवताना मला या मांडणीचा फार उपयोग होतो, कारण बरेच जण पहिल्या येण्याला "सण" म्हणून धरतात, शेवटच्याला घाबरतात आणि मधलं विसरतात. आगमनकाळ हे तिन्ही एका धाग्यात ओवतो.

आता मला ज्यावर थोडं थांबायचंय ते १४ डिसेंबरचं, म्हणजे तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान, मत्तय ११. हा आनंदाचा रविवार, फादर गुलाबी झगा घालतात, मेणबत्त्यांच्या माळेतली गुलाबी मेणबत्ती लागते, पौलाचं "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वाक्य या दिवसाच्या नावाच्या मुळाशी आहे. आणि अशा दिवशी वाचलं काय जातं? बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देन नदीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की "तो येतोय, तयारी करा", तोच आता हेरोदाच्या कोठडीतून शिष्यांना पाठवून येशूला विचारतो की जो येणार आहे तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

म्हणजे वाट बघायला शिकवणारा माणूसच वाट बघून शंकेत पडलाय. आणि ख्रिस्तसभेने हा उतारा झाकून नाही ठेवला, तीन वर्षांतून एकदा ऐन आनंदाच्या रविवारी वाचायला लावला. मला याचं फार वाटतं. येशू योहानावर रागावत नाही. तो म्हणतो, जे ऐकता आणि पाहता ते त्याला जाऊन सांगा: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते.

वर्गात हे वाचलं की मी मुलांना सांगते, तुम्ही योहान आहात, तुरुंगात बसला आहात, शिष्य परत आले आणि त्यांनी ही यादी वाचून दाखवली, तुम्ही त्यात काय शोधाल? गेल्या खेपेला मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मी विचारलं असतं, आणि मला कधी सोडवणार?" त्याने नेमकं बोट ठेवलं. यशयाच्या ६१ व्या अध्यायात बंदिवानांना मुक्ती जाहीर करण्याचं वचन आहे, लूक सांगतो की येशूने नासरेथच्या सभास्थानात तेच वाचलं होतं, आणि इथे योहानाला पाठवलेल्या निरोपात तेवढंच नाही. योहान सुटला नाही. हेरोदाने त्याचं डोकं उडवलं.

हे मुलांपासून लपवायची गरज नाही. उलट आगमनकाळाचा गाभा मला इथेच दिसतो. देवाचं राज्य खरोखर सुरू झालंय, खुणा दिसताहेत, आणि तरी माझ्या कोठडीचं दार अजून उघडलेलं नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्या दोन्ही धरून उभं राहायचं, एकही सोडायची नाही. मग १७ ते २३ डिसेंबर रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत येशूला एकेका जुन्या नावाने हाक मारली जाते: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. यातली २० तारखेची हाक काय म्हणते माहितीये? हे दाविदाच्या किल्ली, तू उघडतोस ते कोणी बंद करू शकत नाही, ये आणि अंधारात बसलेल्या बंदिवानाला तुरुंगातून बाहेर काढ. योहानाच्या निरोपात जे राहून गेलं होतं तेच ख्रिस्तसभा नाताळच्या पाच दिवस आधी मागते. मी वर्गात हे दोन उतारे एकाखाली एक लिहून देते, फार बोलत नाही.

आल्फ्रेड डेल्प नावाचे एक जर्मन येशूसंघीय (जेझुइट) फादर होते, नाझींनी पकडलेले. १९४४ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या तुरुंगात हातात बेड्या असताना त्यांनी आगमनकाळावर चिंतनं लिहिली, कागद लपवून बाहेर पाठवले गेले, आणि २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी दिली. आगमनकाळ म्हणजे गोड-गोड वातावरण असं कोणी म्हणालं की मला त्यांची आठवण होते.

यावरून घरातल्या दुःखाचंही सांगून टाकते, तुम्ही विचारलं नाही पण वाचणाऱ्यांत कोणीतरी असेलच. आपल्याकडे घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर नाताळ करत नाहीत, स्टार लावत नाहीत, फराळ करत नाहीत. ठीक आहे, ज्याचं त्याचं मन. पण त्या घरांनी आगमनकाळ सोडू नये असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मोठ्यांच्या वर्गातल्या एका बाईंचे यजमान पावसाळ्यात गेले, त्या म्हणाल्या, "मला यंदा गाणी नकोत." मी म्हटलं गाणी नकोतच, नुसती मेणबत्ती लावा आणि "ये, प्रभू येशू" एवढं म्हणा. मेलेले उठवले जातील या वचनाची वाट त्या घराइतकी कोण बघत असतं?

आता सासूबाईंचं. त्यांना चूक म्हणू नका. आजच्या नियमाने लॅटिन रीतीच्या, म्हणजे आपल्यासारख्या, कॅथलिकांना आगमनकाळात उपवासाचं बंधन नाही, वर्षभरातले शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ हेच प्रायश्चित्ताचे दिवस. पण १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बदलायच्या आधी आगमनकाळातही उपवासाचे काही ठरलेले दिवस होते आणि नाताळच्या आदल्या दिवशीचा उपवास तर जुन्या माणसांना चांगलाच आठवतो. सासूबाई ज्या घरात वाढल्या तिथे ते पाळलं गेलं असेल, आणि ते उगाच आलेलं नव्हतं. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. चार रविवारांची रीत नंतर रोममध्ये बसली, मिलानमध्ये तर आजही सहा रविवार असतात. आपल्या मुंबई-पुण्यातली केरळची सिरो-मलबार (पूर्वेकडच्या रीतीची कॅथलिक) कुटुंबं १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात, शेजारी कोणी असेल तर विचारून बघा, त्यांच्याकडे मटण खरंच बंद असतं. पूर्वेकडच्या बऱ्याच ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांत चाळीस दिवस असतात. प्रॉटेस्टंट मंडळींत वेगवेगळं आहे, काही मंडळ्या आगमनकाळ नीट पाळतात, काहींत तो नसतोच.

म्हणून उत्तर घरावर अवलंबून आहे. सासूबाईंना पाळायचं असेल तर आठवड्यातला एखादा दिवस सगळ्यांनी मिळून साधं जेवा आणि वाचलेले पैसे बाजूला ठेवा, नाताळला कोणाच्या तरी घरी द्या. मुलावर, मधुमेह असलेल्यावर, पोटुशी बाईवर जबरदस्ती नको. आणि आगमनकाळाला उपवासकाळाची धाकटी बहीण करून टाकू नका. झगा जांभळा असतो हे खरं, "स्वर्गात देवाला गौरव" हे गीत रविवारी म्हणत नाहीत तेही खरं (ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात, देवदूतांचं गाणं आहे ते), पण आलेलुया मात्र बंद होत नाही, उपवासकाळात ते बंद असतं. एवढ्या एका फरकावरून या काळाचा स्वभाव कळतो. शिवाय ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, अख्खा जुना गोवा माणसांनी भरलेला असतो, ८ तारखेला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. रडका काळ नाही हा.

आता घरी काय करायचं ते. माझं मत असं की एकच गोष्ट धरा पण रोज धरा. दहा गोष्टी सुरू करणारी घरं दुसऱ्या आठवड्यात सगळं सोडतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

मेणबत्त्यांची माळ तुमच्याकडे आहेच, तर तीच घ्या. ही रीत कुठून आली ते मुलाला सांगा, त्याला आवडेल. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट पाळक गरीब मुलांसाठी एक घर चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या दिवसाला छोटी लाल आणि रविवारला मोठी पांढरी, म्हणजे मुलांना स्वतःच मोजता यावं. कॅथलिकांनी ती नंतर घेतली आणि आपले जांभळे-गुलाबी रंग दिले. म्हणजे मूळ ही चीज तुमच्या मुलासारख्या प्रश्न विचारणाऱ्या मुलांसाठीच झालेली आहे.

लावायची कशी? जेवायच्या आधी, मोबाइल दुसऱ्या खोलीत, ट्यूबलाइट बंद. पहिल्या आठवड्यात एकच मेणबत्ती. मुलाला लावू द्या, काडी तुम्ही पेटवून द्या. त्या दिवसाच्या वाचनातल्या तीन-चार ओळी, जास्त नको. मग घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची जी अजून ठीक झालेली नाही. आजीचे गुडघे, शाळेतला एकटा पडलेला मुलगा, बाबांची नोकरी, टीव्हीवर दिसलेलं युद्ध. प्रत्येकानंतर सगळ्यांनी म्हणायचं, "ये, प्रभू येशू." मग मेणबत्ती विझवा आणि जेवा. पाच मिनिटांत होतं. रोज तीच मेणबत्ती जळते म्हणून चौथ्या आठवड्यापर्यंत पहिली मेणबत्ती अगदी ठेंगणी होते, तिसरी मध्यम आणि चौथी कोरी, आणि मुलं हमखास म्हणतात की पहिली बदलून नवीन लावूया, छान दिसत नाही. बदलू नका. इतके दिवस वाट बघितली हे तिच्याकडे बघून मुलाच्या डोळ्यांना दिसतं.

ती "ठीक नसलेली गोष्ट" हा या पाच मिनिटांचा खरा भाग आहे. त्यावर माझा भर का, तर त्याशिवाय वाट बघणं खोटं होतं. ज्याला काहीच कमी वाटत नाही तो वाट कशाची बघणार? आणि दुसऱ्या दिवशी त्या यादीतलं आपल्या हातात असलेलं काही करायचं, त्या एकट्या मुलाच्या शेजारी डब्याला बसायचं. तिसऱ्या रविवारीच याकोबाच्या पत्रातलं वाचन आहे, शेतकरी जमिनीच्या मोलाच्या पिकासाठी पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. आमच्याकडे भातशेती केलेल्या माणसांना हे समजवावं लागत नाही. पाऊस त्याच्या हातात नाही, पण नांगरणी, पेरणी, बेणणी सगळी त्याचीच. धीर म्हणजे हात बांधून बसणं नव्हे.

गोठ्याबद्दल माझा सल्ला, तो शेवटच्या दिवशी दुकानातून आणलेला उभा करण्यापेक्षा हळूहळू वाढू द्या. आमच्याकडे आणि गोव्या-मुंबईतही बऱ्याच घरांत गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू पेरतात. नाचणी रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत किंवा ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढी माती, वर दाणे दाट पसरा, रोज हाताने पाणी शिंपडा, ओतू नका, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पेरलं की २४ ला मऊ हिरवं शेत तयार असतं. पाणी शिंपडायचं काम मुलाकडे द्या. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत ठेवू नका, गव्हाण रिकामी राहू द्या, आणि तीन राजे लांब कपाटावर कुठेतरी ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, ते पोहोचतात जानेवारीत. ही गंमत मुलांना फार आवडते आणि शिकवावं काहीच लागत नाही.

दुकानात मिळणारं चॉकलेटचं कॅलेंडर आणायचं असेल तर आणा, माझा विरोध नाही, पण मेणबत्तीच्या जागी नको.

राहिलं ऑफिस, सोसायटी आणि कॅरल. इथे मी कडक नाही. ऑफिसची पार्टी ५ डिसेंबरला असेल तर जा, केक खा, सहकाऱ्यांनी प्रेमाने ठेवलेली असते, तिथे उपासनावर्षावर व्याख्यान देऊ नका. गायकमंडळाला सराव आधीपासून करावाच लागतो. कॅरल घेऊन घरोघरी जाणाऱ्या युवकांनाही एका रात्रीत अख्खं गाव होत नाही. कुलकुल आणि करंज्या आधीच करून डब्यात भराव्या लागतात, कारण नोकरी करणाऱ्या बाईला २४ तारखेला ते जमणार नाही. हे सगळं तयारीतच मोडतं. मी फक्त एवढं सांगते की आपल्या स्वतःच्या घरात, जिथे आपलं चालतं, तिथे थोडं मागे ठेवा. स्टार लावलात तरी १७ तारखेच्या आसपास लावा. डबा २४ ला उघडा. त्या आठवड्यात ती सात नावं रोज एक अशी मेणबत्तीजवळ म्हणा, कागदाच्या पट्ट्यांवर मुलाकडून लिहून घ्या. आणि पापनिवेदन शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून उरकण्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात करून टाका, तेव्हा फादरांनाही बोलायला वेळ असतो.

तुम्ही लिहिलंत की २५ ला दुपारपर्यंत सगळं संपल्यासारखं वाटतं. ते तसं वाटतं कारण महिनाभर आपण सणच करत असतो आणि सण सुरू होतो तेव्हा दमून बसतो. नाताळचा काळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि यंदा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे ११ जानेवारी २०२६ पर्यंत चालतो. तोवर गोठा काढू नका, स्टार उतरवू नका, पाहुण्यांना २५ लाच बोलवायचा हट्ट धरू नका. ४ जानेवारीला प्रकटीकरणाचा (तीन राजांच्या भेटीचा) सण आहे, त्या रविवारी राजे गोठ्यात पोहोचवा आणि कोणाला तरी जेवायला बोलवा. आमच्या ओळखीच्या काही घरांनी एवढा एकच बदल केला आणि त्यांचा डिसेंबर पुष्कळ हलका झाला.

पुण्यात जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर साध्या पांढऱ्या घ्या, खाली जांभळी फीत बांधा, तिसरीला गुलाबी. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोनदा करायला जाऊ नका, पुढे चालू ठेवा. आणि ३० नोव्हेंबरला मेणबत्ती लावायच्या आधी मुलाला त्याचा गेल्या वर्षीचा प्रश्न आठवतो का ते बघा. आठवत असेल तर आधी यशयाचं ते तलवारी आणि फाळांचं वाक्य वाचा, आणि हे झालंय का असं त्यालाच विचारा. तो काय म्हणाला ते इथे नक्की लिहा.